पोलोला मीटर लावायचेत? आधी मे महिना काढ

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

काका, मी २६ वर्षांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या दिवाळीत सेकंडहँड पोलो १.० टीएसआय घेतली. २०२१ची, सहा गिअरची मॅन्युअल. आरसी वडिलांच्या नावावर आहे. रोज मी चालवतो, पण धंद्याच्या कामाला तेही ती घेऊन हैदराबादला जातात. मी साठ हजार बाजूला काढलेत. पुण्यातला मित्र म्हणतो, ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर) तीन मीटर बसव – बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब), ऑइल प्रेशर आणि एअर-फ्युएल (हवा-पेट्रोलचं प्रमाण). मग स्टेज वन रिमॅप कर (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव), उरलेल्या पैशांत ओपन फिल्टर आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोची जादा हवा सोडणारा). डेफीचा मीटर ऑनलाइन अडीच हजारांना दिसतोय. घेऊ का? वडील म्हणतात, गाडीला आहेत ती घड्याळं कमी पडली का?
– पोलोवाला, होटगी रोड

काका म्हणून लिहिलंस, तेव्हा अरे-तुरे करतो.

आधी तो अडीच हजारांचा डेफी. घेऊ नकोस. जपानी डेफीचा खरा मीटर सेन्सरसकट याच्या कितीतरी पट पडतो, आणि त्या नावाच्या नकलांनी बाजार भरलाय. नक्कल दिसायला झकास असते. चावी फिरवली की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलामी मारतो, लाल-पांढरा उजेड पडतो, शेजारी बसलेला मित्र खूश. खोट असते पाठीमागच्या सेन्सरमध्ये, आणि मीटरच्या किमतीतला मोठा वाटा खरं तर सेन्सरचाच असतो. चुकीचं दाखवणारा मीटर हा मीटर नसण्यापेक्षा वाईट, कारण तू त्याच्यावर भरवसा ठेवून पाय दाबणार.

आता वडिलांचा प्रश्न. तो टोमणा समजू नकोस, तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे. तुझ्या गाडीत आकड्यांची कमी नाही, फक्त ते तुला दिसत नाहीत. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ ओबीडीचा, म्हणजे गाडीची तपासणी करायचा सॉकेट आहे. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, कूलंटचं तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ), लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) हे सगळं इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेकंदाला कितीतरी वेळा मोजत असतो, कारण त्याशिवाय त्याला टर्बोचं इंजिन चालवताच येत नाही. तिथे एक ब्लूटूथ अडॅप्टर लावला की हे आकडे फोनवर येतात आणि फाइलमध्ये साठवताही येतात. स्वस्तातले ईएलएम३२७ अडॅप्टर बहुतेक नकली चिपचे. ते चालले तर चालले, नाहीतर मध्येच मुके होतात. फोक्सवॅगन घराण्याच्या गाडीला ओबीडीइलेव्हन बरा. त्यात साध्या ॲपपेक्षा बरंच जास्त दिसतं आणि नॉकमुळे, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे, टायमिंग किती मागे ओढलं जातंय हेही बघता येतं. दोन्हीपैकी काहीही घेतलंस तरी गाडी उभी करताना काढून ठेव. कारखान्यात गाडी बरेच दिवस तशीच राहिली तर बॅटरी उतरू शकते.

एक गंमत करून बघ. चावी ऑन कर, इंजिन चालू करू नकोस आणि मॅनिफोल्डचा दाब वाच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, म्हणून इथे ९५-९६ किलोपास्कल दिसायला पाहिजेत. मुंबईत असतास तर १०१ दिसले असते. हा आकडा हवेच्या दाबाच्या आकड्याशी जुळला तर सेन्सर ठीक. इंजिन चालू असताना या आकड्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की राहतो तो तुझा बूस्ट. ज्याच्यासाठी मित्र पिलरला भोक पाडायला सांगतोय, ते तुला काहीशे रुपयांपासून हजार-दोन हजारांपर्यंत मिळालं.

कोणताही मीटर घेण्याआधी मी एवढंच विचारतो: हा काटा नको तिथे गेला तर मी काय करणार? उत्तर असेल तर मीटर घ्यावा. तुझ्या तिन्ही मीटरना हाच प्रश्न लावू.

बूस्टचा काटा ०.८ बारवर गेला. मग? बूस्ट किती द्यायचा ते इसीयू स्वतः ठरवतो आणि उन्हात, नॉक आला की किंवा खालच्या गिअरला तो स्वतःच कमीही करतो. नळी फुटली, कुठे गळती लागली, तर काट्यावरून कळतं हे खरं, पण त्यासाठी गाडी धडधाकट असताना काटा कुठे असायचा ते आधी ठाऊक पाहिजे. ते लॉगमधून, म्हणजे साठवलेल्या आकड्यांच्या फाइलमधून कळतं. म्हणून बूस्टचा मीटर बाद. हौस म्हणून लावायचा असेल तर लाव की, हौसेला मोल नाही. फक्त त्याला सुरक्षेचं साधन म्हणू नकोस.

एअर-फ्युएलमध्ये तर दोन प्रकार आहेत आणि स्वस्तातला निव्वळ नाटकी. तो गाडीच्या जुन्या पद्धतीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या तारेला जोडतात. मिश्रण १४.७च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्या सेन्सरला कळतं, त्यामुळे दिवे डावीकडून उजवीकडे नाचत राहतात आणि तुला काहीच समजत नाही. खरा असतो तो प्रमाण नेमकं मोजणारा वाइडबँड, बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचा. तो लावायला एक्झॉस्टला वेगळा बंग (सेन्सर बसवायची आटेदार कडी) वेल्ड करावा लागतो. पण तुझ्यासारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कंपनीने कॅटच्या (एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) पुढे वाइडबँड दिलेलाच असतो आणि ओबीडीतून तो वाचता येतो. आणखी एक. हल्ली पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे प्रमाण ई२०ला साधारण १३.५वर येतं. मित्राच्या मीटरवर १४.७ दिसलं म्हणून तो खूश होईल, पण मीटर तो आकडा जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने छापतोय. लॅम्ब्डामध्ये वाच. १ म्हणजे बरोबर, पेट्रोल कोणतंही असो.

ऑइल प्रेशर. हा तिघांतला एकच मीटर आहे ज्याच्यावर करण्यासारखं काही असतं: काटा पडला की पाय काढ, इंजिन बंद कर. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागतो तो दाब फारच खाली गेल्यावर, तोवर बेअरिंगने राम म्हटलेला असू शकतो. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने हा मीटर लावावाच. तू हैदराबाद रोडवर चालवणार. तुझ्यासाठी डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघणं जास्त उपयोगाचं, आणि टर्बोची गाडी थोडंफार ऑइल पितेच. तरी लावलासच तर तीन गोष्टी लक्षात ठेव. सेन्सर विजेवर चालणारा घे. ज्यात गरम ऑइलची बारीक नळी डॅशबोर्डपर्यंत आणतात तो यांत्रिक मीटर केबिनमध्ये येऊ देऊ नकोस, ती नळी निसटली तर उकळतं ऑइल मांडीवर येतं. सेन्सरसाठी ऑइल फिल्टरखाली जी सँडविच प्लेट बसवतात तिचे आटे तुझ्या फिल्टरशी जुळतायत का ते हातात घेऊन बघ, आणि सेन्सरचे आटेही, कारण एनपीटी (पाइपचे निमुळते आटे) आणि मेट्रिक दिसायला भाऊभाऊ असतात, पण एक दुसऱ्यात कोंबला की प्लेट गेली. तिसरं म्हणजे, दर हजार आरपीएमला दहा पीएसआय दाब हा जुन्या मेस्त्र्यांचा हिशेब हल्लीच्या इंजिनांना लागू पडत नाही. इंधन वाचवायला आता ऑइल पंप गरजेनुसार दाब कमी-जास्त करतात. काटा खाली दिसला म्हणून तू घाबरशील आणि इंजिनला काहीच झालेलं नसेल.

मग मित्राच्या यादीत काय नाही? तापमान. आणि आपण राहतो सोलापुरात.

पुण्यात बसून केलेली यादी आणि सोलापुरात चालणारी गाडी यांच्यात एप्रिल-मे आडवा येतो. ४३-४४ डिग्रीची दुपार, सात रस्त्याचा सिग्नल, एसी फुल, पुढे रिक्षा. बाहेरची हवा ४४ असेल तर बॉनेटखालची त्याहून कितीतरी जास्त, आणि टर्बो तीच दाबून आणखी तापवतो. तापलेल्या हवेत ऑक्सिजन कमी आणि नॉक होण्याचा धोका जास्त, म्हणून इसीयू टायमिंग मागे घेतो. म्हणजे दुपारी तुझी ११० पीएसची गाडी ११०ची राहतच नाही. तुझ्या गाडीच्या ईए२११ घराण्यातल्या टीएसआय इंजिनांत इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) समोर जाळीमागे नसतो, तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो आणि पाण्याने थंड होतो. फायदा असा की हवेचा मार्ग आखूड, त्यामुळे पेडलला प्रतिसाद पटकन मिळतो. तोटा असा की ते पाणी एकदा तापलं की निवायला वेळ घेतं. म्हणून ‘समोर मोठा इंटरकूलर टाकू’ हा सल्ला कोणी दिला, तर तो कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते आधी विचार.

तेव्हा खर्च करण्याआधी मे महिना काढ. अडॅप्टर लावून तीन आकडे फाइलमध्ये जाऊ दे: आत येणाऱ्या हवेचं तापमान, कूलंट आणि टायमिंग किती मागे जातंय. ऑइलचं तापमान तुझ्या गाडीत वाचता येत असेल तर तेही घे. दुपारी दोन वाजता गावातून हळू चालव, मग हैदराबाद रोडला लागून मोकळा रस्ता मिळाल्यावर नेहमीसारखी चालव, आणि सिग्नलला चढलेलं हवेचं तापमान किती मिनिटांत उतरतं ते घरी येऊन बघ. चालवताना फोनकडे बघायचं नाही. फाइल त्यासाठीच आहे. कूलंट ९० ते १०५च्या आसपास फिरत असेल तर काळजी नको. ऑइल ९० ते ११० हा त्याचा मुक्काम, १२०पर्यंत चांगलं सिंथेटिक सोसतं. १३०च्या पुढे जाऊन तिथेच राहिलं तर गाडी सावकाश चालवायची, एवढंच काम. बऱ्याच गाड्यांमध्ये डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा मुद्दाम मध्यावर खिळवलेला असतो, तापमान दहा-वीस डिग्रींनी हललं तरी तो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नकोस. सकाळीही एक गोष्ट दिसेल: कूलंट तापल्यावर ऑइल तापायला आणखी बराच वेळ लागतो. काटा ९०वर आला म्हणजे इंजिन तयार झालं असं समजून लोक टर्बो पिळतात आणि खाली ऑइल अजून पन्नास-साठवरच असतं.

हे करण्याआधी बॉनेट उघडून एक बघ. गाडी कारखान्याच्या आवारात उभी असते ना? टॉवेलच्या कारखान्यात हवेत रुईचे तंतू उडत असतात. ते एसीच्या कंडेन्सरवर आणि मागे रेडिएटरवर चिकटून त्यावर धूळ बसली की वाकळ पांघरल्यासारखं होतं. हळू दाबाच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेला धुवून घे. प्रेशर वॉशरचा नळ जवळ धरला तर बारीक पत्रे दुमडतात. लॉगमधलं तापमान कदाचित तेवढ्यानेच खाली येईल.

रिमॅपबद्दल मी विरोधात नाही. कंपनीची १७५ न्यूटन मीटर टॉर्क देणारी ही गाडी चांगल्या मॅपवर वेगळीच वाटते, त्यात खोटं काही नाही. पण मॅप कोणत्या पेट्रोलवर बनवलाय हा पहिला प्रश्न. जास्त ऑक्टेनचं (नॉकला जास्त दाद न देणारं) महाग पेट्रोल धरून पुण्यात मॅप करायचा आणि वडिलांनी उमरग्याच्या पुढे जो पंप लागेल तिथलं साधं भरायचं, त्यात मे महिना, हे जमणार नाही. नॉक सेन्सर सांभाळून घेईल, पण सांभाळणं म्हणजे टायमिंग मागे घेणं. पैसे देऊन घेतलेली ताकद गरज असते तेव्हाच गायब. शिवाय लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांचा एक खास रोग आहे: कमी आरपीएमला जास्त भार पडला की ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेट घेतं, आणि त्यात पिस्टन तुटल्याची उदाहरणं आहेत. रिमॅप कमी आरपीएमलाही टॉर्क वाढवतो. म्हणून आता आणि नंतरही, सहाव्या गिअरला दीड हजार आरपीएमवर पेडल तळाला नेऊ नकोस. खाली गिअर टाक. हे वडिलांनाही सांग. जुन्या डिझेलवर हात बसलेली माणसं टॉप गिअरमध्ये ओढत नेतात.

मॅप करणाऱ्याला विचार: साध्या पेट्रोलवर चालेल असा मॅप देतोस का, मूळ फाइल परत टाकून देशील का, माझा लॉग बघून ठरवतोस का की सगळ्यांना एकच फाइल, आणि क्लच व गिअरबॉक्स किती टॉर्कपर्यंत टिकतात असं तुला वाटतं. चौथ्या प्रश्नाला जो ‘काही होत नाही’ म्हणेल, त्याच्या दुकानातून बाहेर पड. वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर ती गेली असं समज. मूळ फाइल परत टाकली तरी फोक्सवॅगनच्या यंत्रणेला इसीयूला हात लागल्याचं कळू शकतं आणि एकदा टीडी१चा (इसीयूमध्ये बदल केल्याचा) शिक्का बसला की शोरूममध्ये वाद घालून उपयोग नसतो.

ओपन फिल्टर नको. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, म्हणजे वर एवढं जे बोललो त्याच्या नेमकं उलट, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागची आपल्याकडची धूळ इंजिनात जायला आणखी सोपी वाट. कंपनीचा पेपर फिल्टर लवकर बदलत जा.

साठ हजार खर्चायचेत ना, मग टायर बघ. तुझ्या मित्राच्या यादीत टायर आणि ब्रेक दोन्ही नाहीत याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. २३२१ असेल तर २०२१च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील तर सोलापूरच्या उन्हात त्यांचं रबर कडक झालेलं असणार, नक्षी कितीही शिल्लक दिसू दे. चांगले चार टायर घे. साठातला मोठा हिस्सा तिथे जाईल, जाऊ दे. मग ब्रेक फ्लुइड. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळायला हवं, ओलावा शिरल्यावरची मर्यादा १५५वर येते. दोन वर्षांत बदललं नसेल तर लगेच बदल. मागे ड्रम आहेत, म्हणजे थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्कवर, तेव्हा पुढे चांगले पॅड टाक. रिमॅप करायचाच असेल तर त्याआधी स्पार्क प्लग नवे.

उरलेल्या पैशांत मीटरची हौस राहिलीच तर एकच घे, ऑइलच्या तापमानाचा, ५२ मिलिमीटरचा, नाव असलेल्या कंपनीचा, बिलासकट. ए-पिलरवर लावू नकोस. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. उजव्या पिलरआड उजवीकडे वळताना मोटारसायकल लपते, तिथे आणखी जाडी कशाला? आणि ज्या गाड्यांत कर्टन एअरबॅग आहे तिथे तर पिलरला हातच लावू नये. अपघातात तो मीटर दगडासारखा डोक्यावर येईल. स्टिअरिंग कॉलमवर किंवा मधल्या एसी व्हेंटच्या जागी पॉड (मीटर धरणारी डबी) बसतो. डबल टेपने चिकटवलेलं काहीही आपल्याकडे मेमध्ये खाली पडतं, स्क्रूचा पॉड घे. वायरिंग डेकोरवाल्याकडून करून घेतलंस तर समोर उभा राहा. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून चावीबरोबर चालू-बंद होणारा करंट घ्यायचा, अर्थ बॉडीला. चालू वायर सोलून टेप गुंडाळायची नाही, आणि पिवळ्या कनेक्टरजवळ, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगजवळ, टेस्टर न्यायचा नाही.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने ताकद वाढत नाही. त्याचा ‘फुस्स’ आवाज येतो. एवढंच.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. डॅशबोर्डवरच्या मीटरला कोणी अडवणार नाही, पण कॅट काढणं आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यांच्या वाटेला जाऊ नकोस. कोणताही मोठा बदल विमा कंपनीला लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी तेवढं एक कारण त्यांना पुरतं. आणि कलमात शब्द ‘मालक’ आहे. आरसी वडिलांच्या नावावर, म्हणजे दंड त्यांना. रिमॅपचं ठरलं तर आधी त्यांच्याशी बोल, आणि ‘हैदराबादला जाताना कोणतं पेट्रोल भरायचं’ तिथून सुरू कर. धंद्यातला माणूस आहे, लॉगचे आकडे समोर ठेवलेस तर ऐकेल.

लॉगची फाइल मलाही पाठव. दुपारी दोनची पाठव, पहाटेची नको.